निळी कंपनी, जांभळी कंपनी

थॉर्नबेक,
१४ जानेवारी २०१८

प्रिय ऑलिव्ह हिस,
हेस्टरचा प्रेमाचा नमस्कार, वि. वि.

नाताळचं पत्र आणि तू विणलेले हातमोजे दोन्ही पोचले. उजव्या हातात मोजा चढवायला दुसऱ्याचा हात लागतो, पण एकदा चढला की ऊब छान देतो. खांदा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, बर्फावर पडल्यावर या वयात एवढाच वर जाणार. एवढाच म्हणजे कपांच्या फळीपर्यंतसुद्धा नाही. केस विंचरणं, पाठ धुणं, मागचे बंद लावणं, सगळं दुसऱ्याच्या हाती गेलं. तुझा भाऊ असता तर त्यानं केलं असतं आणि माझ्या केसांचं घरटं करून ठेवलं असतं. विल्फला जाऊन दोन हिवाळे झाले. संध्याकाळी मी अजून पुस्तक मोठ्यानं वाचते. त्याची नजर अधू झाली तेव्हा लागलेली सवय आहे. समोरची खुर्ची रिकामी आहे हे मला कळतं, जिभेला कळत नाही.

सकाळी रुदो येते. ती झिंबाब्वेची, चाळिशीची. मला ‘गोगो’ म्हणते. त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात. मी म्हटलं, मला नातवंडं नाहीत बाई. तर म्हणाली, मग जागा रिकामीच आहे की. ती मला धुते, कपडे घालते, केसांत पिना लावते, आणि मग मी दिवसभर माणसासारखी बसते. ती आहे म्हणून मी या घरात आहे.

आता गोंधळ ऐक. नगरपालिकेचं पत्र आलं आहे की आमच्या भागातली घरची मदत नव्यानं ठरवणार. मी इतके दिवस रुदोला नगरपालिकेची समजत होते. माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे तुझ्या आईकडे, मिसेस क्लेग यायची ती नगरपालिकेचीच होती ना? विल्फ बर्फात रस्त्यावर मीठ टाकायची नगरपालिकेची गाडी चालवायचा, तशीच तीही नगरपालिकेच्या पगारावर. आता तसं नाही म्हणे. मला किती मदत लागते ते नगरपालिका ठरवते आणि पैसे देते, पण माणसं कंपन्यांची. सोमवार ते शुक्रवार निळ्या गणवेशाची कंपनी, रुदो तिची. शनिवार-रविवार जांभळ्या गणवेशाची, कारण निळ्यांकडे सुटीला माणसं नाहीत. जांभळ्यांचा दर वेळी नवा चेहरा. मागच्या रविवारी जी आली ती जेवायच्या वेळेला आली, आणि तिनं मला विचारलं की इथं दोघं राहतात ना.

यापुढे अख्ख्या भागाला एकच कंपनी, सातही दिवस. त्यासाठी टेंडर निघणार. शब्दकोश घेऊन बसले. शब्द सगळे कळले, वाक्य एकही कळलं नाही. रुदोचं काय होणार ते त्यात कुठंच नाही. नगरपालिकेची पिलिंग नावाची मुलगी मागे वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक ठेवून गेली, नुसतं बघून ठेवा म्हणाली. रुदो गेली तर ते पत्रक उघडायची वेळ येईल, एवढंच मला कळतं.

तुझ्या गुडघ्याचं लिही. लोभ आहे तो जपून ठेव.

तुझी,
हेस्टर

स्कारनेस,
२२ जानेवारी

प्रिय हेस्टर हिस,
ऑलिव्हचा सा. न. वि. वि.

गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी. समुद्राचा वारा असा आहे की काल माझ्या हातातला तळलेला मासा सीगल पक्षी घेऊन गेला, कागदासकट. तळलेले बटाटे मात्र मला ठेवले.

बटाट्यांवरून सांगते. माझा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला, त्यामुळे टेंडर मला विचार. नगरपालिका सगळ्या शाळांचे बटाटे एकदम घ्यायची. व्यापाऱ्यांनी आपापला भाव बंद पाकिटात घालून द्यायचा. निम्मे गुण भावाला, निम्मे मालाला. माल दाखवायला म्हणून जे बटाटे आणायचे ते राणीच्या ताटात शोभतील असे. काम मिळालं की कोंब फुटलेली पोती यायला लागायची. तुझ्याकडे तेच चाललं आहे. फरक एवढाच की यात बटाटा तू नाहीस, रुदो आहे. तू ताट पुढ्यात घेऊन बसलेली पोर. आमच्या वेळी पोरांना कोणी विचारत नसे. हल्ली म्हणे विचारतात.

विचारलं तर तोंड उघड, हेस्टर. तू वाचतेस दहा माणसांचं आणि बोलतेस अर्ध्या माणसाचं. विल्फ म्हणायचा, माझी बायको पुस्तकातल्या रशियन लोकांचं दुःख मला सांगते, पण स्वतःची दाढ दुखते ते सांगत नाही.

माझी आठवण काढत जा, आणि गरम खात जा.

तुझी नणंद,
ऑलिव्ह

थॉर्नबेक,
१९ फेब्रुवारी

प्रिय ऑलिव्ह हिस,
नमस्कार, वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं, विचारलं. नगरपालिकेकडून फोन आला. पुरुष होता, आवाज फार चांगला, हवामान सांगणाऱ्यासारखा. दोन्ही कंपन्यांना पाचपैकी गुण द्यायचे होते. एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे उत्तम. कंपनी निवडताना आमचे गुण धरणार आहेत म्हणाला.

मी नीट विचार केला. निळ्यांना पाच द्यावेसे वाटले, पण पाच म्हणजे दवंडीच झाली. आपल्याकडे स्वतःच्या पोराला तरी कोणी पाच देतं का? मटण भरून भाजलेल्या माझ्या ‘पाय’ला तुझा भाऊ लग्नापासून शेवटपर्यंत ‘खाण्यासारखी आहे’ एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्यांदा घेतली. मग चार म्हटलं असतं, तर त्यानं चारच का म्हणून विचारलं असतं. तीन दिले.

जांभळ्यांना एक देणार होते. पण ओळख ना पाळख, अशा माणसाजवळ कुरकुर करायची? आणि त्या पोरी तरी काय करणार, एका घरातून दुसऱ्या घरात पळत असतात. उशिरा येतात का म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, तक्रार नाही, त्यांना कामं खूप असतात. त्यांनाही तीन.

समोरच्या सग्डेननेही दोन्हीला तीन दिले, असं तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना म्हणाला. कोपऱ्यावरच्या लम्बबाईंनीही. मला बरं वाटलं की आपण कोणावर अन्याय केला नाही.

आल्याचा केक पोस्टानं पाठवते आहे. दोन दिवस डब्यात मुरू दे, मग काप. माया असू दे.

तुझी,
हेस्टर

स्कारनेस,
२४ फेब्रुवारी

प्रिय हेस्टर,
नमस्कार एक, आणि बोलणी चार.

तुम्ही अख्ख्या गल्लीनं मिळून कोंबवाल्या बटाट्याला आणि चांगल्या बटाट्याला सारखे गुण दिलेत. आता मालात फरकच उरला नाही, तर ते काय बघतील? भाव. आणि भाव कोण कमी लावेल? जांभळे. मोठी कंपनी आहे ती, तिला परवडतं. सभ्यपणाला पण काही मर्यादा असते. अग, रविवारी तू दुपारपर्यंत कशी बसलेली असतेस ते मला माहीत आहे. त्या हवामानवाल्याला कोण सांगणार होतं, मी?

आता ऐक. माझ्या शेजारणीनं, मिसेस गॅरिटीनं, नगरपालिकेला सांगून मदतीचे पैसे स्वतःच्या हातात घेतले आणि हवी ती कंपनी लावली. असं करता येतं. भीक नाही ती, एरवी त्या कंपनीला जाणारेच पैसे आहेत. निकाल वाईट लागला तर हे ध्यानात ठेव आणि निळ्यांना सोडू नकोस.

केक मुरायची वाट पाहिली नाही. खाण्यासारखा आहे. राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्र लिही.

ऑलिव्ह

थॉर्नबेक,
२६ मार्च

प्रिय ऑलिव्ह हिस,
आज जरा ताठ मानेनं नमस्कार, वि. वि.

निकाल अगदी तुझ्या शब्दाप्रमाणे लागला. जांभळे, जूनपासून. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की रहिवाशांच्या मते दोन्ही कंपन्या समान आहेत, म्हणून दर पाहून निर्णय घेतला. ‘समान’ हा शब्द वाचला आणि हातातला चहा तसाच गार झाला.

गुरुवारी त्यांनी टाउन हॉलमध्ये आम्हाला समजावून सांगायला बोलावलं. चहा होता, बिस्किटं होती, भिंतीवर चित्रं टाकून एक गृहस्थ बोलत होते. गोल, बाण, पुन्हा गोल. एका गोलात ‘व्यक्ती’ असं लिहिलं होतं. ती मी, असं पिलिंगनं हळूच सांगितलं. माझ्याकडे तीन बाण येत होते आणि माझ्याकडून एकही बाहेर जात नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. नेहमीप्रमाणे सगळे आपापल्या बशीकडे बघायला लागले.

ऑलिव्ह, मी उठले. का ते मला अजून कळलेलं नाही. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. मी म्हणाले, “मी तीन गुण दिले ते खोटे होते. रविवारी मी दुपारपर्यंत रात्रीच्या झग्यात बसलेली असते. पडदा उघडत नाही, समोरच्यांना दिसेल म्हणून.”

मागून सग्डेनचा आवाज आला. म्हणाला की तोही पडदा उघडत नाही. त्याला वाटायचं, आपण एकटेच. माझ्या समोरचं घर, ऑलिव्ह. दोन बंद पडदे इतके रविवार एकमेकांकडे बघत बसले होते. मग लम्बबाई बोलल्या, मग एका बाईचा मुलगा. त्या गृहस्थांनी सगळं लिहून घेतलं. निर्णय फिरवता येणार नाही, नियम आहेत, पण जांभळ्यांशी करार करताना अटी आणखी कडक करू असं म्हणाले. आणि ज्यांना निळेच हवेत त्यांनी पैसे स्वतःच्या हातात घ्यावेत. तुझी मिसेस गॅरिटी आठवली. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. बाकीचे विचार करतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रुदोला सांगितलं की आता तू कुठं जात नाहीस, मी निळ्यांकडेच राहणार. ती माझे केस विंचरत होती. विंचरून झालेले केस पुन्हा विंचरले. मग म्हणाली, गोगो, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात? आनंदानं तिला सुचत नसावं.

आज रात्री शांत झोप लागेल. तुझाही जीव स्वस्थ असू दे.

तुझी,
हेस्टर

स्कारनेस,
३ एप्रिल

प्रिय हेस्टर हिस,
सभा गाजवणाऱ्या बाईंना ऑलिव्हचा वाकून नमस्कार. गुडघा परवानगी देईल तितका वाकून.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मिसेस गॅरिटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, उत्तरेकडच्या बायका बोलायला लागल्या म्हणजे हवामान बदलणार. पुढल्या निवडणुकीला उभी राहा. मी पत्रकं वाटीन, बसून.

विल्फ असता तर काही बोलला नसता. बाहेर जाऊन मिठाच्या गाडीवरच्या सगळ्यांना सांगून आला असता.

असाच आवाज राहू दे, आणि माझ्यावर चढवू नकोस.

ऑलिव्ह

थॉर्नबेक,
५ जून

प्रिय ऑलिव्ह,
नमस्कार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं आहे. तू बसली आहेस ना, मग वाच.

काल नव्या व्यवस्थेचा पहिला सोमवार. मी रुदोची वाट पाहत होते. दारावरच्या पेटीतून किल्ली काढल्याचा आवाज आला आणि निळ्या गणवेशात एक गोरी पोर आत आली. कर्स्टी नाव. म्हणाली, आजपासून मीच. पोर वाईट नाही, पण हात बर्फासारखे आणि लक्ष घड्याळाकडे. रुदो आजारी आहे का म्हणून विचारलं. तिला माहीत नव्हतं. कपडे चढले, पडदा उघडला, आणि समोर सग्डेनच्या दारात कोण? रुदो. जांभळ्या गणवेशात.

मला वाटलं डोळे गेले. मी काचेवर टकटक केली. तिनं हात केला, आत गेली, आणि सग्डेनचं आवरून झाल्यावर रस्ता ओलांडून आली. उभ्या उभ्याच बोलली. एखाद्या भागाचं काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं की ते काम करणाऱ्या बायकाही कामाबरोबर जातात, असा कायदा आहे. आमच्या भागाचं काम जांभळ्यांकडे गेलं, म्हणून रुदोही गेली. मी काहीच केलं नसतं, नुसती गप्प बसले असते, तर काल सकाळी तीच माझ्या दारात आली असती. अख्ख्या गल्लीत तिला नको म्हणणारी मी एकटी.

मी म्हटलं, मग मार्चमध्येच का नाही बोललीस? म्हणाली, तिला वाटलं मला कायदा माहीत असेल, मी एवढं वाचते. आणि दुसरं असं की तिला जायचंच होतं. निळे तिला फक्त घराच्या आतल्या वेळेचे पैसे द्यायचे. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं, हा सगळा चढ चढायचा, ते फुकट. जांभळ्यांना नगरपालिकेनं टेंडरमध्येच अट घातली आहे की चालण्याचेही पैसे द्यायचे. मग माझा हात धरून म्हणाली, “तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लोकांत उभ्या राहिलात, गोगो. मला जायचंय हे मी कोणत्या तोंडानं सांगू?”

इथं राहून राहून तिलाही आपली सवय लागली, बघ.

मी कोणाशी भांडले ऑलिव्ह? आणि कोणासाठी? निळे म्हणजे रुदो असं मी धरून चालले. तिला एकदा विचारायचं सुचलं नाही. आता सकाळी ती समोर येते, तिची पाठ मला दिसते, आणि माझ्या पाठीवर कर्स्टीचे गार हात असतात.

आज दुसरं काही लिहवत नाही. तू तुझ्याकडून माया पाठव, इथं कमी पडते आहे.

हेस्टर

स्कारनेस,
८ जून

प्रिय हेस्टर हिस,
ऑलिव्हचा नमस्कार, वि. वि.

आधी हसले, ते कबूल करते. मग आठवलं की सल्ला माझा होता. निळ्यांना सोडू नकोस, असं माझ्याच हातानं लिहिलं होतं. मी तरी आयुष्यभर पोत्यावरचा शिक्का बघितला, आतला बटाटा व्यापारी बदलला तरी त्याच शेतातून येत असेल हे कधी डोक्यात आलं नाही. तेव्हा अर्धी चूक माझी, पण अर्धीच.

ते वृद्धाश्रमाचं पत्रक अजून घरात असेल तर ते उघडू नकोस. फोन उचल. पिलिंगला सांग, चुकलं, मला परत घ्या. त्या हॉलमध्ये उभं राहण्यापेक्षा हे अवघड आहे, मला माहीत आहे. तिथं ते चुकले होते, इथं तू चुकली आहेस. पण रुदो रस्त्यापलीकडे आहे, झिंबाब्वेत नाही.

काय झालं ते लगेच कळव. तोवर माझाही चहा गार होतो आहे.

ऑलिव्ह

थॉर्नबेक,
२ जुलै

प्रिय ऑलिव्ह हिस,
हेस्टरचा मनापासून नमस्कार, वि. वि.

उशीर झाला, पण सांगण्यासारखं काही होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी पिलिंगला फोन केला. बिचारी माझ्याहून गोंधळली. म्हणाली, मिसेस ऑगडेन, तुम्हीच सभेत जांभळ्यांविरुद्ध बोललात, तुमच्यामुळे आम्ही अटी बदलल्या, आणि आता तुम्हाला जांभळे हवेत? त्यांची सेवा आवडायला लागली का? मी म्हटलं, मुळीच नाही. मग निळे आवडत नाहीत का? तसंही नाही. मी म्हणाले, “मला निळे नकोत, जांभळे नकोत. मला रुदो हवी. तुमच्या कागदात ती कुठल्या रकान्यात बसते ते सांगा, मी तिथं सही करते.”

तिनं बराच वेळ काहीतरी उलटंसुलटं केलं. मग हळू आवाजात म्हणाली, असा रकाना नाही.

तरी ती मुलगी चांगली. स्वतः घरी आली. मी आदल्या दिवशी काही आवरलं नाही, चांगले कप काढले नाहीत, विंचरायला कर्स्टी येण्याआधीच तिला आत घेतलं. तिनं माझे केस पाहिले. कुठलं घर कुठल्या कंपनीकडे एवढंच नगरपालिका ठरवते, बाई ठरवत नाही, असं तिनं मला समजावलं. कोणी यायचं ते कंपनी ठरवते, आणि कंपनीला सांगण्याचा अधिकार तिला नाही, पण विनंती करता येते. मी म्हटलं, विनंती करा. जांभळ्यांनी उत्तर दिलं की रुदोची फेरी भरली आहे. मग सग्डेन मध्ये पडला. त्यानं त्यांना फोन करून सांगितलं की मी उशिरा उठतो, माझ्याआधी समोरच्या बाईंना घ्या. ऑलिव्ह, तो कोंबड्याबरोबर उठणारा माणूस आहे. माझ्यासाठी चक्क खोटं बोलला. त्याला मटणाची ‘पाय’ भाजून नेऊन दिली, तर म्हणाला, खाण्यासारखी दिसते आहे.

शनिवार-रविवार अजून नवे चेहरे येतात, पण न्याहारीच्या आत येतात. कर्स्टी शेवटच्या दिवशी मला मिठी मारून गेली. ती पण जांभळ्यांकडे अर्ज करणार आहे. निळ्यांचं पुढं काय होईल कोण जाणे. त्यांच्या मालकीणबाईंनी, मी त्यांची बाजू घेतली होती म्हणून, फोनवर माझे आभार मानले तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं. हे सगळं मला पूर्ण कळलं आहे असं समजू नकोस. पुस्तक असतं तर पाठीमागून पुन्हा वाचलं असतं.

आज सोमवार. मी झग्यातच खिडकीशी बसले होते, पडदा उघडा ठेवून. रुदो चढावर दिसली. आधी ती अर्धी पळतच यायची, दारात पोचली की धापेनं शब्द फुटत नसे. आज अगदी हळू येत होती. लम्बबाईंच्या कुंपणाशी थांबली, त्यांच्या गुलाबाला नाक लावलं, मग पुन्हा चालायला लागली. मला वाटलं, हिला बरं नाही. आत आल्या आल्या मी तेच विचारलं.

तिनं सावकाश कोट काढला. म्हणाली, “चढाचे पैसे मिळतात आता, गोगो. मग घाई कोणाला आहे?”

मी म्हटलं, उद्या दोन गुलाबांशी थांब. मी बसलेली असते.

खुशाली कळवत राहा, आणि मला तुझ्या मनात जागा असू दे.

तुझी,
हेस्टर